मोटारवेड्यांचीं किरकोळ दुःखें

छंद नाना प्रकारचे असतात. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी कबुतरें पाळतो, कोणी गच्चीवर चार कुंड्या ठेवून गुलाबांची जोपासना करतो. या सर्वांहून अधिक खर्चाचा आणि अधिक मनस्तापाचा असा एक छंद आहे, तो मोटारीचा. ज्यांस मोटार म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्याचें साधन एवढेंच वाटतें, त्यांच्याविषयीं आम्हांस येथें कांहीं सांगावयाचें नाहीं. गाडी सुरू झाली कीं त्यांचें समाधान होतें. आम्ही बोलणार तें दुसऱ्या वर्गाविषयीं. या वर्गांतला मनुष्य गाडी उभी करून चार पावलें गेला कीं मागें वळून तिच्याकडे पाहतो. जेवतांना खिडकीखालून कोणती गाडी गेली, तें आवाजावरून सांगतो. आणि दाराच्या पत्र्यावर नखाएवढा ओरखडा दिसला तर त्या दिवशीं त्याला जेवण गोड लागत नाहीं. आम्ही स्वतः याच वर्गांतले आहों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

गेल्या पावसाळ्यांत आठवींतल्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, गाडी घ्यायची ठरली तेव्हां बाबा किती आनंदांत होते! आतां रविवारीं सकाळीं गाडी बाहेर काढायची म्हटली कीं घरांत कोणी बोलायची सोय राहत नाहीं. असें कां होतें?” इतक्यांत तास संपल्याची घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें आज येथें सविस्तर देत आहों. थोडक्यांत सांगावयाचें तर हीं दुःखें दैवानें येत नाहींत. प्रत्येकास कांहींतरी सरळ कारण असतें, आणि तें कारण कळलें म्हणजे अर्धा राग आपोआप उतरतो. उरलेल्या अर्ध्या रागाविषयीं शेवटीं बोलूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपलें शहर मोटारीपेक्षां वयानें वडील आहे. गिरगांवांतील खोताची वाडी, झावबाची वाडी, फणसवाडी, कांदेवाडी या वाड्या वसल्या तेव्हां त्यांतून जाणारें मोठ्यांत मोठें वाहन म्हणजे बैलगाडी किंवा घोड्याची गाडी. मुंबईंत घोड्यांची ट्रॅम १८७४ सालीं सुरू झाली, विजेची १९०७ सालीं आणि मोटारबस १९२६ सालीं. ट्रॅम १९६४ सालीं बंद पडली. तरी ‘दादर टी. टी.’ या नांवांत ती अद्याप उभी आहे, कारण त्यांतील टी. टी. म्हणजे ट्रॅम टर्मिनस. खासगी मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस येथें आल्या. आरंभींच्या हिंदी मालकांत जमशेटजी टाटा यांचें नांव घेतात. प्लेगची सांथ आली १८९६ सालीं, आणि तिच्या धड्यानंतर १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या संस्थेनें दादर-माटुंग्याच्या बाजूस सरळ व रुंद रस्ते आंखले. म्हणून हिंदू कॉलनींत किंवा पारशी कॉलनींत मोटारवाल्यास निदान झाडाची सावली मिळते. गिरगांवांत त्याला भिंतीचा कोपरा मिळाला तरी तो धन्य होतो.

पुढें १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडीस मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. शेट वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. मोटारी आपल्या दाराशीं तयार होऊं लागल्या. पण त्या ठेवावयाच्या कोठें, या प्रश्नाचा कारखाना मात्र कोणीं काढला नाहीं.

येथूनच पहिलें दुःख सुरू होतें, तें जागेचें. हिशेब सोपा आहे. आजची मध्यम आकाराची गाडी दोन्ही बाजूंचे आरसे धरून सुमारें दोन मीटर रुंद असते. चार मीटर रुंदीच्या वाडींत एक गाडी भिंतीला लावली कीं उरले दोन मीटर. त्यांतून दुसरी गाडी न्यावयाची तर दोघांचेहि आरसे मिटावे लागतात आणि दोघांनाहि श्वास रोखून धरावा लागतो. शिवाय जी गाडी आधीं आंत गेली ती सर्वांत शेवटीं बाहेर येणार. यावर मुंबईकरानें एक तोड काढली आहे. बाहेरची गाडी हँडब्रेक न लावतां न्यूट्रलमध्यें ठेवावयाची, म्हणजे आंतल्याला ती ढकलून वाट करतां येते. एक हजार किलो वजनाची गाडी एक मनुष्य कशी ढकलतो, याचें मुलांना आश्चर्य वाटतें. परंतु सपाट जमिनीवर चाकांचा विरोध फार थोडा असतो, आणि दहा-पंधरा किलोंचें ओझें उचलण्यास लागेल तेवढ्या जोरानें ती हलूं लागते. जागा उताराची असेल तर मात्र असें कधींहि करूं नये. नव्या ऑटोमॅटिक गाड्या ‘पार्क’मध्यें ठेवल्या कीं त्यांचीं चाकें अडकून बसतात, त्यामुळें ही जुनी सोयहि आतां कमी होत चालली आहे.

अरुंद जागेंत गाडी उलटी, म्हणजे मागें नेत लावावी असें सांगतात; त्याचेंहि कारण आहे. गाडीचीं पुढचीं चाकें वळतात, मागचीं वळत नाहींत. सरळ पुढें शिरतांना न वळणारीं मागचीं चाकें आंतला कोपरा कापतात आणि गाडीची कूस खांबाला घासते. उलट जातांना ताठ राहणारा भाग आधीं जागेंत शिरतो आणि वळणारा भाग मोकळ्या बाजूस राहतो. बाबा गाडी तीन वेळां मागेंपुढें करतात तेव्हां ते चुकत असतात असें नाहीं. ते भूमितीचें एक उदाहरण सोडवीत असतात, आणि त्या वेळीं मागच्या आसनावरून कोणीं सूचना केलेली त्यांना खपत नाहीं.

दुसरें दुःख रंगाचें. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, तो माणसाच्या केसाच्या जाडीएवढाच. कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेंत युरिक आम्ल असतें. उन्हानें तापलेल्या पत्र्यावर ती पडून वाळली कीं तो थर खाल्ला जातो, आणि धुतल्यावरहि बोटाएवढा डाग कायम राहतो. दादरच्या कबुतरखान्याचा वाद २०२५ सालीं उच्च न्यायालयांत गाजला, तो माणसांच्या आरोग्यासाठीं. मोटारींच्या रंगाचें गाऱ्हाणें तेथें कोणीं मांडलें नाहीं, आणि मांडलें असतें तरी तें कोणीं ऐकलें नसतें. सावलीसाठीं गाडी झाडाखालीं लावावी तर दुसरें संकट. विलायती शिरीषाच्या वृक्षांवर पिठ्या ढेकूण नांवाची कीड पडते. ती झाडाचा रस शोषते आणि खालीं चिकट थेंब टाकते. त्या थेंबांवर धूळ बसली म्हणजे गाडीवर बारीक ठिपक्यांची रांगोळी उमटते.

ही धूळ हेंच सर्वांत मोठें दुखणें आहे. जुन्या चाळी पडून त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. त्यांच्या बांधकामाची रेती आणि सिमेंट वाऱ्यानें चहूंकडे उडतें. रेतीचा कण रंगापेक्षां कठीण असतो. कोरड्या फडक्यानें गाडी पुसणें म्हणजे तिला पॉलिश-कागदानें घासणेंच होय. उन्हांत तिरकस पाहिलें तर रंगावर जीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें दिसतात, तीं अशीच पडलेलीं असतात. पहांटे येऊन गाड्या पुसणाऱ्या मनुष्यावर मालक रागावतात. पण त्याच्या वाट्यास बारा गाड्या आणि पाण्याची एक बादली येते, हें कोणी पाहत नाहीं. फडकें धुण्यासाठीं त्याला दुसरी बादली मिळाली तर निम्मे ओरखडे टळतील. समुद्राची खारी हवा उरलेलें काम पुरें करते. रंग जेथें उडाला तेथें लोखंड, पाणी आणि हवा यांची गांठ पडते, मीठ त्यांना मदत करतें, आणि गंज धरतो. म्हणूनच नखाएवढा ओरखडा आम्हांस एवढा लागतो. तो शोभेचा प्रश्न नसून गंजाचें दार आहे.

आतां विद्यार्थ्यांच्या प्रांतांत शिरूं. वाडींत क्रिकेट खेळावयाचें तर यष्टी कोठें मांडावी? गाडी आयतीच उभी असते. तिच्यावरील धुळींत बोटानें नांवें लिहावयाची हौसहि कित्येकांस असते. आम्हीहि लहानपणीं असेंच खेळलों आहों, म्हणून उपदेश करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, रबरी चेंडूनें पत्र्यास पोंचा येतो आणि धुळींत लिहिलेलें नांव धूळ गेल्यावरहि रंगांत राहतें. तेव्हां निदान स्वतःचें नांव तरी लिहूं नये.

तिसरें दुःख रस्त्यावरचें. मार्च २०२४ मध्यें सागरी किनारा मार्गाचा पहिला भाग खुला झाला आणि मलबार हिलच्या खालून सुमारें दोन किलोमीटरांचे बोगदे गिरगांव चौपाटीशीं येऊन मिळाले. मोटारवेड्यानें तेथें चार मिनिटें गाडी मनासारखी चालवावी, आणि बाहेर पडून ठाकुरद्वाराकडे वळतांच पुढील अर्धा मैल पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें काढावा! यांत पेट्रोल कां जळतें तें पाहा. हजार किलो वजनाच्या गाडीस ताशीं ४० किलोमीटर वेग देण्यास जितकी शक्ति लागते, तितक्या शक्तीनें तीच गाडी सुमारें सहा मीटर उंच, म्हणजे चाळीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत उचलतां येईल. लाल दिवा लागला कीं ब्रेक दाबून ही सारी शक्ति आपण उष्णतेच्या रूपानें हवेंत सोडतों, आणि हिरवा लागला कीं गाडी पुन्हां दुसऱ्या मजल्यावर चढवितों. लालबागहून दादरपर्यंत असे किती मजले होतात, तें मुलांनीं मोजावें. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी सरकवीत नेल्यानें क्लचप्लेट घासते, ती निराळीच.

अडलेला मनुष्य मग हॉर्न वाजवितो. हॉर्ननें रस्ता रुंद होत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. मुंबई पोलिसांनीं हिंदमातेसह कांहीं चौकांत एक गमतीचा प्रयोग केला व २०२० सालीं तो जाहीर केला. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला कीं लाल दिव्याची मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. जितका गोंगाट अधिक, तितका खोळंबा अधिक. आमच्या मतें शाळेच्या वर्गांतहि हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

चौथें दुःख पावसाचें, आणि येथें किरकोळ या शब्दाची मर्यादा संपते. हिंदमातेचा चौक बशीसारखा सखल आहे. भोंवतालचें पाणी तेथें येतें आणि समुद्राला भरती असली तर बाहेर जात नाहीं. ब्रिटिश अमदानींतील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशीं २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें, आणि तोहि ओहोटी धरून, बांधलेल्या होत्या. ही शक्ति दुप्पट करावी अशी शिफारस १९९३ सालच्या अहवालांत झाली. आणि २०२१ सालापासून परळ व दादर येथील मैदानांखालीं पाणी सांठविण्याच्या मोठ्या टांक्या बांधण्यांत आल्या. तथापि मोठ्या पावसांत सावध राहिलेलें बरें.

पाण्यांत गाडी बंद पडली तर किल्ली पुन्हां फिरवूं नये, हा नियम मुलांनींहि लक्षांत ठेवावा. इंजिनाच्या नळकांड्यांत हवा दाबली जाते, कारण हवा दबते. पाणी दबत नाहीं. हवेच्या वाटेनें आंत पाणी शिरलें असतां इंजिन फिरविलें, तर दट्ट्या पाण्यावर आपटतो व त्याचा दांडा वांकतो. मग दुरुस्तीचा खर्च ऐकूनच मालक खालीं बसतो. आणि गाडीभोंवतीं पाणी चढूं लागलें तर गाडीचा मोह सोडून वेळीं बाहेर पडावें. ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां कांहीं माणसें बंद मोटारींतच अडकून दगावलीं. गाडी पुन्हां मिळते.

पांचवें दुःख अडलेल्या वाटांचें. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालीं सुरू झाला, लालबागच्या राजाची स्थापना १९३४ सालीं झाली. त्या मानानें आमची गाडी कालची. उत्सवाच्या दिवसांत ती एकतर वाडीच्या आंत अडकते किंवा बाहेर. आणि विसर्जनाच्या दिवशीं तिची आठवण काढणेंहि अप्रशस्त. सप्टेंबर २०२५ मध्यें परळ व प्रभादेवी यांना जोडणारा जुना पूल पाडण्यासाठीं बंद झाला, तेव्हां पलीकडे दिसणाऱ्या इमारतीस जाण्यास मोठा वळसा पडूं लागला. गिरगांवांत भुयारी मेट्रोसाठीं कित्येक वर्षें रस्ता पत्र्यांनीं अरुंद झाला होता. ऑक्टोबर २०२५ मध्यें तेथील स्थानक सुरू झालें. मोटारवेड्यास न शोभणारी एक कबुली येथें देऊन टाकतों. हल्लीं दादरला जातांना आम्ही पुष्कळदां गाडी घरीं ठेवून त्याच मेट्रोनें जातों.

शेवटचें दुःख वियोगाचें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. जुन्या गाडीचे सुटे भाग दुर्मिळ होत जातात, आणि एखाद्या दाराच्या मुठीसाठीं चोरबाजाराच्या तीन फेऱ्या होतात. प्रीमियर पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीनें मुंबईच्या दोन पिढ्या वाहून नेल्या. तिची अखेरची नोंद ऑक्टोबर २००३ मधली. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रस्त्यावरून गेली. ज्यांना यंत्राविषयीं कांहींच वाटत नाहीं असे लोकहि त्या दिवशीं हळहळले.

येथवर कारणें सांगून झालीं. आतां राहिलेल्या अर्ध्या रागाविषयीं. त्यासाठीं आमच्या स्वतःच्या वाडींतील एक गोष्ट सांगावी लागेल.

चार वर्षांपूर्वींची श्रावणांतली रात्र. दुपारीं आम्हीं गाडी स्वतः धुतली होती. वाडीच्या वळणावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर, ती अगदीं नीट लावली, आरसे मिटले, वर कापडी कव्हर घातलें. कोणीं ढकलूं नये म्हणून गिअर टाकून हँडब्रेकहि ओढला, आणि मागें वळून एकदां पाहून घेतलें. रात्रीं दीडच्या सुमारास आंतल्या चाळींतील एका वृद्ध गृहस्थांच्या छातींत दुखूं लागलें. रुग्णवाहिका आली. सरळ गाडी तेथून गेली असती. परंतु लांब गाडीस वळतांना मागें जागा लागते, आणि त्या जागेंत आमची गाडी उभी होती. कव्हरामुळें गाडी कोणाची तें कळेना. कांचेवर फोनचा आंकडा नव्हता. मुलांनीं ती ढकलून पाहिली. ती हलणार कशी? आम्ही तिसऱ्या मजल्यावर मागच्या खोलींत झोंपलों होतों. शेवटीं चार जणांनीं त्या गृहस्थांना खुर्चींत बसवून पावसांतून नाक्यापर्यंत नेलें. त्यांत दहा मिनिटें गेलीं.

ते वांचले. पंधरा दिवसांनीं घरीं आले. मधल्या काळांत वाडींत कोणीं आम्हांस एक शब्दहि बोललें नाहीं, आणि तेंच अधिक जड गेलें. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां ते हंसून म्हणाले, “मास्तर, गाडी छान ठेवलीय हो तुम्ही. त्या रात्रीं अगदीं जवळून पाहिली.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

त्या दिवसापासून वळणावर आम्ही गाडी लावीत नाहीं. वाडींत जागा नसेल तर दोनशें पावलांवर जेथें मिळेल तेथें ठेवतों आणि चालत येतों. कव्हरावर व पुढच्या कांचेवर मोठ्या आंकड्यांत फोन लिहिला आहे, आणि एक किल्ली तळमजल्यावरील शेजाऱ्यांकडे असते. हें सर्व करण्यास पैसा लागला नाहीं. पूर्वीं दुसऱ्याची गाडी आडवी आली कीं आमच्या मनांत येई, ‘कोण हा मूर्ख!’ आतां मनांत येतें कीं, हाहि आमच्यासारखाच कोणी असेल. गाडी लावून, मागें वळून पाहून, समाधानानें झोंपी गेला असेल. मग आम्ही हॉर्न न वाजवितां वॉचमनला विचारतों.

तेव्हां ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारला त्याला एवढेंच सांगणें आहे. येत्या रविवारीं बाबा गाडी काढूं लागले म्हणजे आधीं खालीं जावें, गाडीमागें नव्हे तर बाजूस, त्यांना आरशांत दिसेल असें उभें राहावें, आणि भिंत किती दूर आहे तें हातानें दाखवावें. वाडींत खेळ चालला असेल तर दोन मिनिटें थांबावयास सांगावें. आणि रात्रीं गाडी परत लावून झाली म्हणजे एकदां वाडीच्या तोंडाशीं उभें राहून पाहावें कीं, आतां येथें रुग्णवाहिका आली तर ती वळेल काय? वळत नसेल, तर बाबांना तसें सांगावें. ते रागावतील, पण गाडी हलवितील.